यंत्र म्हणतं, बाई ठीक आहे!

सप्टेंबर २०२० मध्ये, कोविडची साथ भरात असताना, राज्य सरकारने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम काढली. घरोघरी पथकं फिरली. भामरागड-एटापल्लीच्या टोल्यांपासून चंद्रपूरच्या कोळसाखाणींभोवतालच्या वस्त्यांपर्यंत आशा आणि आरोग्यसेविका पायपीट करत होत्या. हातात दोन यंत्रं. एक कपाळासमोर धरायची तापाची बंदूक, दुसरं बोटाला चिमट्यासारखं लावायचं पल्स ऑक्सिमीटर. आकडा पंच्याण्णवच्या खाली आला तर बाईला पुढे पाठवायचं. वर आला तर वहीत लिहायचं आणि पुढच्या घराची कडी वाजवायची.

त्या मोहिमेला नावं ठेवायला हा लेख लिहिलेला नाही. पुरेसे मास्क नसताना, तुटपुंज्या मानधनावर ज्या बायांनी ते काम केलं त्यांना तर मुळीच नाही. प्रश्न वेगळा आहे, आणि साथ ओसरली म्हणून तो ओसरलेला नाही. ते यंत्र ज्या बोटावर बसलं, तसल्या बोटावर ते आधी कुणी तपासून पाहिलं होतं का? उन्हात रापलेलं, धानाच्या चिखलात कुजलेलं, सरपण तोडून घट्टे पडलेलं, मुळातच सावळं किंवा काळं असलेलं बाईचं बोट. त्या बोटावरचा आकडा खरा, असं कुणी, कधी, कशाच्या आधारावर ठरवलं?

उत्तर शोधायला यंत्राच्या पोटात डोकावलं पाहिजे. फार अवघड नाही ते. ऑक्सिमीटर बोटाच्या एका बाजूने दोन प्रकारचे प्रकाश सोडतं, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा, अवरक्त. प्राणवायू घेतलेलं रक्त आणि न घेतलेलं रक्त हे दोन प्रकाश कमीजास्त शोषतात. नाडीच्या ठोक्याबरोबर त्यात जो फरक पडतो त्यावरून आकडा काढला जातो. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात ही युक्ती शोधली आणि तिने जगभर असंख्य जीव वाचवले, यात शंका नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. हे यंत्र प्राणवायू ‘मोजत’ नाही. ते प्रकाश मोजतं आणि मग आतल्या एका कोष्टकात बघून आकडा सांगतं. ते कोष्टक तयार झालं निरोगी स्वयंसेवकांवरून. त्यांना कमी प्राणवायूची हवा देऊन, धमनीतलं रक्त काढून, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून. म्हणजे कोष्टकात कुणाची बोटं होती यावर सगळं अवलंबून. कातडीतलं काळं रंगद्रव्यही प्रकाश शोषतं. कोष्टकात गोरी बोटं जास्त असतील, तर सावळ्या बोटाचा आकडा त्या गोऱ्या बोटांच्या हिशेबाने निघणार.

आणि हे काही काल-परवा कळलेलं नाही. १९९० साली अमेरिकेत जुब्रान आणि टोबिन या डॉक्टरांनी कृत्रिम श्वासावर ठेवलेल्या रुग्णांत दाखवलं होतं की काळ्या रुग्णांत यंत्राची चूक गोऱ्यांपेक्षा जास्त वेळा मोठी असते. २००५ आणि २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी निरोगी माणसांवर प्रयोग करून सांगितलं की रक्तातला प्राणवायू जसजसा उतरतो तसतसं यंत्र काळ्या कातडीवर आकडा फुगवून दाखवतं. दुसऱ्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. व्यक्ती बाई आहे की पुरुष, यानेही चुकीत फरक पडतो. वाचलंत ना? बाई असण्याने! सतरा वर्षांच्या अंतराने, तीनदा, छापील शब्दांत सांगितलेली गोष्ट. कारखाने चालू राहिले, यंत्रं विकली जात राहिली.

मग साथ आली. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आकडे मांडले. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतलं रक्त मात्र ८८च्या खाली आहे, असं गोऱ्या रुग्णांत १०० पैकी साडेतीन वेळा झालं आणि काळ्या रुग्णांत जवळजवळ १२ वेळा. म्हणजे तिपटीहून जास्त. २०२२ मध्ये आणखी एक अभ्यास आला. या फुगलेल्या आकड्यांमुळे काळ्या आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या रुग्णांना कोविडचे उपचार द्यायला हवेत हे उशिरा ओळखलं गेलं, काहींच्या बाबतीत ओळखलंच गेलं नाही.

आता नियम काय होता ते पाहा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ऑक्सिमीटरची चाचणी किमान दहा जणांवर करायची, आणि त्यांत काळ्या कातडीचे किमान दोन किंवा एकूण संख्येच्या पंधरा टक्के, जे जास्त असेल तेवढे. दोन! ज्या यंत्रावर जगातल्या अब्जावधी सावळ्या-काळ्या माणसांचा श्वास पारखायचा, त्याच्या कागदपत्रांत दोन काळी बोटं असली की काम भागलं. बोभाटा झाल्यावर जानेवारी २०२५ मध्ये नवा मसुदा आला. त्यात दीडशे किंवा जास्त माणसं, आणि फिकट, मध्यम, गडद अशा तिन्ही गटांत प्रत्येकी किमान चौथा हिस्सा, अशी सूचना आहे. १९९० ते २०२५ एवढा वेळ लागला, तोही तिथल्या काळ्या माणसांनी, डॉक्टरांनी, पत्रकारांनी ओरड केली म्हणून.

यावर आपल्याकडे एक उत्तर ठरलेलं असतं. ‘अमेरिकेतले काळे वेगळे, आपले लोक वेगळे.’ खरं आहे, वेगळे आहेत. म्हणून तर म्हणते, आपल्यावर वेगळी तपासणी करा. वेगळे आहेत म्हणून तपासणीची गरज नाही, हा कुठला न्याय? शिवाय आपल्या या दोन जिल्ह्यांत सिकलसेल आहे. सिकलसेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिनच निराळं असतं आणि अशा रुग्णांत ऑक्सिमीटरचा आकडा आणि रक्तातला प्रत्यक्ष प्राणवायू यांत फरक पडू शकतो, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. सावळी कातडी, सिकलसेल, रक्तक्षय, थंडीत गार पडलेली बोटं, हे सगळं एकाच बाईच्या एकाच बोटात जमा झालेलं असतं. असलं बोट कोष्टकात कुठे होतं?

मैत्रिणींनो, ऑक्सिमीटर हे निमित्त आहे. कातडीवर ठेवून, कातडीतून बघून किंवा कातडीला टोचून आकडा काढणारी यंत्रं आता कितीतरी झाली आहेत. नवजात बाळाची कावीळ कपाळावर यंत्र टेकवून पाहतात. रक्तक्षय सुई न टोचता बोटावरून पाहणारी यंत्रं निघाली आहेत. कातडीचा ओलावा मोजणारी, तिच्यातून उडणारं पाणी मोजणारी, लाली आणि काळेपणा मोजणारी यंत्रं मलमांच्या चाचण्यांत वापरतात. दंडाची कातडी चिमट्यात धरून चरबी मोजतात, तेही कुपोषणाच्या अभ्यासात जुनंच. या आकड्यांवर शोधनिबंध निघतात, योजना आखल्या जातात, मलमं बाजारात येतात. आणि आकडा आला की बाई गप्प. तिला चक्कर येते, धाप लागते, अंग बधिर वाटतं, हे तिचं म्हणणं; यंत्राचं म्हणणं म्हणजे पुरावा.

म्हणून या यंत्रांचा भरवसा कसा तपासतात, ते आपण समजून घ्यायला हवं. संशोधकांच्या भाषेत अवघड शब्द असतात, पण मुद्दा रेशनच्या दुकानात कळतो. एक काटा असा असतो की तोच तांदूळ तीनदा ठेवला तर तीन वजनं येतात. त्याच्यावर विसंबणं शक्यच नाही. दुसरा काटा असतो, तो दर वेळी नेमका तेवढाच दाखवतो, पण किलोमागे पन्नास ग्रॅम मारतो. हा दुसरा जास्त घातक. कारण तो स्थिर आहे, सगळ्यांना तो खरा वाटतो. संशोधक पुष्कळदा सांगतात, ‘आमचं यंत्र विश्वासार्ह आहे, दोनदा मोजलं तर सारखंच येतं.’ बरोबर. पन्नास ग्रॅम मारणाऱ्या काट्याचंही सारखंच येतं. ऑक्सिमीटर काळ्या बोटावर दर वेळी सारखाच फुगलेला आकडा दाखवू शकतं.

आणखी एक चलाखी असते, काही वेळा अजाणतेपणी केलेली. दोन यंत्रांचे किंवा दोन तपासनिसांचे आकडे घेऊन त्यांचा सहसंबंध काढतात आणि तो उत्तम आला की दोन्ही जुळतात म्हणून जाहीर करतात. ब्लँड आणि ऑल्टमन या दोन ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ साली यावर एक निबंध लिहिला. सासूची उंची आणि सुनेची उंची एकत्र वाढताना दिसली म्हणजे दोघी सारख्या उंच झाल्या असं होत नाही, तसंच हे. (सासू-सुनेचं उदाहरण माझं, त्यांचं नव्हे.) दोन आकड्यांत नेमका किती फरक पडतो, जास्तीत जास्त किती पडू शकतो, तो सांगा, असं त्यांचं म्हणणं. एवढं सोपं. मलमाने कातडीचा आकडा तीन अंशांनी सुधारला असं कुणी म्हटलं आणि यंत्र स्वतःच एका बाईवर एका दिवसात पाच अंश इकडेतिकडे होत असेल, तर त्या संशोधनाला अर्थ काय राहिला?

कातडीचा रंग मोजणाऱ्या यंत्राचंच बघा. ते कातडीवर टेकवायचं, ते उजेड टाकतं आणि परत आलेल्या उजेडावरून कातडी किती उजळ, किती पिवळट, ते सांगतं. जरा जोरात दाबलं तर तिथलं रक्त बाजूला सरतं आणि कातडी फिकट मोजली जाते. हात खाली लोंबत असला तर रक्त उतरतं आणि लाली वाढते. कोपराच्या आत मोजायचं की मनगटावर, यावर आकडा बदलतो. आपल्याकडच्या कितीतरी जणींच्या हातावर-पायावर गोंदण असतं. माडिया-गोंड बायांची ओळखच ती. गोंदणावर यंत्र टेकवलं तर ते शाई मोजेल, बाई नाही. काळ्या कातडीत लाली मोजायला गेलं तर रंगद्रव्य तिला झाकून टाकतं.

आणि या आकड्यांची वर्गवारी! फ्रान्समधल्या संशोधकांनी १९९१ साली मांडलेली आणि पुढे रूढ झालेली एक पद्धत आहे. कातडीच्या रंगाचा एक कोन काढायचा आणि त्यावरून वर्ग पाडायचे. अतिगोरा, गोरा, मध्यम, उन्हाने रापलेला, तपकिरी, काळा. गोऱ्यांच्या बाजूचे वर्ग तेरा-चौदा अंशांचे, बारकाईने पाडलेले. ‘तपकिरी’ मात्र एकदम चाळीस अंश रुंद. त्याच्या खाली सरसकट काळा. गोऱ्या कातडीतला बारीकसारीक फरक शास्त्र ठरतो आणि आपण सगळ्याजणी, कोकणातली, गडचिरोलीतली, मराठवाड्यातली, एका पोत्यात. त्याआधीची फिट्झपॅट्रिक यांची प्रतवारी १९७५ची. ती मुळात गोऱ्या माणसांना उपचाराचा प्रकाश किती द्यावा हे ठरवायला केलेली होती. तपकिरी आणि काळ्या कातडीचे वर्ग त्यात मागाहून चिकटवले. अजूनही जगभर तीच वापरतात.

ज्या देशात १९७५ पासून ‘फेअर अँड लव्हली’ विकलं गेलं आणि २०२० मध्ये नुसतं नाव बदलून विकलं जाऊ लागलं, त्या देशात कातडीचा रंग मोजणारं यंत्र आधी कशासाठी हाताशी येणार, हे सांगायला हवं का? जाहिरातीतल्या छटांच्या पट्ट्या आठवा.

ओलाव्याच्या यंत्रांचं तर आणखी गमतीचं. ती वापरायचे नियम छापलेले आहेत. खोलीचं तापमान वीस ते बावीस अंश, हवा ना कोरडी ना दमट, वारा नको, घाम नको, आणि मोजण्याआधी माणसाने पंधरा मिनिटं ते अर्धा तास तिथे शांत बसायचं. आता चंद्रपूरचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. पारा पंचेचाळिसाच्या पुढे. तेंदूपानांचा हंगाम. बाई पहाटे तीनला उठून जंगलात गेलेली, पानं तोडून आणलेली, दुपारभर पुडके बांधत बसलेली. तिला बावीस अंशांच्या खोलीत अर्धा तास शांत कोण बसवणार? आणि बसवलंच, तर त्या खोलीतली तिची कातडी ही तिची रोजची कातडी उरेल का? अशा खोलीत सिद्ध झालेलं मलम तिच्या भेगाळलेल्या टाचेला लागू पडेल, हे कशावरून?

पण हे सगळं ज्याच्यापुढे किरकोळ वाटेल असा रोग या दोन जिल्ह्यांत मुक्काम करून आहे. कुष्ठरोग. वरोऱ्याला बाबा आणि साधनाताई आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती उभी केली, ते काही उगाच नाही. २००५च्या शेवटी देशपातळीवर रोगाचं ‘निर्मूलन’ झालं असं जाहीर झालं. त्याचा अर्थ दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच. गडचिरोली आणि चंद्रपुरात नवे रुग्ण सापडतच राहिले.

कुष्ठरोगाचं निदान म्हणजे कातडीचं मोजमापच. फिकट किंवा तांबूस चट्टा दिसतो का, आणि त्या चट्ट्यावर स्पर्श कळतो का. स्पर्श तपासायला कापसाचा पिळा वापरतात, बॉलपेनचं टोक वापरतात आणि संशोधनात, किंवा पायाला जखम होण्याचा धोका मोजायला, नायलॉनचे धागे. सेमेस आणि वाईनस्टाईन या अमेरिकी संशोधकांच्या नावाने ओळखले जातात. धागा कातडीवर टेकवून दाबायचा. तो ठरावीक जोराला वाकतो. कळलं की नाही, ते माणसाने सांगायचं. दहा ग्रॅमचा धागा तळपायाला कळला नाही, तर पायाला काटा टोचला तरी कळणार नाही असं धरतात.

साधं, स्वस्त, चांगलं साधन आहे. बांगलादेशात १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन तपासनिसांनी त्याच रुग्णांना वेगवेगळं तपासलं आणि निकाल बऱ्यापैकी जुळले. म्हणजे साध्या साधनाचीही अशी परीक्षा घेता येते, आपल्यासारख्याच गरीब मुलुखात घेता येते. पण याच साधनाच्या अडचणीही बघा. नायलॉन ओल शोषतं. पावसाळ्यात धागा मऊ होतो आणि कमी जोराला वाकतो. वापरून वापरून तो वाकडा होतो. अनवाणी चालणाऱ्या बाईच्या तळपायाला घट्टा असतो. घट्ट्यावर धागा कळत नाही म्हणून शीर गेली असं समजायचं का? की तिची शीर खरंच गेलीये आणि ‘घट्टा आहे’ म्हणून तिला घरी पाठवायचं? घट्टा सोडून शेजारी तपासा, असं पुस्तकं सांगतात. पण जिचा सगळा तळवाच घट्टा आहे तिचं काय?

आणि पुस्तकं चट्ट्याच्या भोवतीची ‘लाली’ बघायला सांगतात. रोगाची प्रतिक्रिया उठते तेव्हा चट्टे सुजतात, लाल होतात, आणि त्याच दिवसांत शीर कायमची जाऊ शकते. काळ्या कातडीवर ती लाली दिसते कुठे? डोळ्याला दिसत नाही आणि रंगाच्या यंत्रालाही नीट दिसत नाही. दिसेपर्यंत बोटं वाकडी होतात.

त्याहून मोठी अडचण यंत्राबाहेरची आहे. धाग्याचं उत्तर बाईच्या तोंडून येतं. समजा, लग्न होऊन दोन वर्षं झालेली सून आहे. मांडीवर चट्टा आहे. सर्वेक्षणाला आलेला माणूस पुरुष, दारात सासू उभी. ती मांडी दाखवेल? पाठ दाखवेल? आणि दाखवली तरी ‘कळतंय का?’ या प्रश्नाला ती काय म्हणेल? कुष्ठरोग ठरला तर नवरा माहेरी धाडेल हे तिला पक्कं ठाऊक आहे. ती म्हणेल, कळतंय. धागा अगदी अचूक दहा ग्रॅमला वाकला, तपासनिसाने नियमाप्रमाणे नोंद केली, आणि आकडा साफ खोटा. मग वरच्या कचेरीत तक्ता तयार होतो, स्त्रियांत रोग कमी. त्या तक्त्यावर लेख लिहिले जातात, स्त्रियांना निसर्गाने काही संरक्षण दिलं आहे का, वगैरे. निसर्गाचं सोडा, आधी तपासायला बाई पाठवली होती का, आडोसा दिला होता का, ते सांगा.

मी यंत्रविरोधी आहे असं कुणाला वाटत असेल तर गडचिरोलीचीच दुसरी गोष्ट सांगते. जानेवारी १९८९ मध्ये राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले, सरासरी दर बाईला तीनहून जास्त. यांतल्या फक्त आठ टक्के स्त्रियांची आधी कधी अशी तपासणी झाली होती. तक्रार मात्र निम्म्याहून थोड्या जास्त जणींनीच सांगितली. म्हणजे नुसतं विचारून भागलं नसतं. तपासणी लागली, प्रयोगशाळा लागली, यंत्रं लागली. पण त्यांच्यामागे एक स्त्री डॉक्टर होती, गावाशी आधी बोलणं झालेलं होतं, आणि काय तपासायचं ते बायांच्या दुखण्यावरून ठरलं होतं.

याच संस्थेने, ‘सर्च’ने, लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला श्वास मोजण्याचं एक साधन बनवलं. मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या ओळी. ज्या सुइणीला दहाच्या पुढे मोजता येत नाही तिच्यासाठी ते होतं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर बाळाला न्यूमोनिया. बाईला यंत्राजोगं करण्याऐवजी यंत्र बाईजोगं केलं! पुढे गावातल्या आरोग्यदूत बायांनी नवजात बाळांचं वजन, ताप, श्वास मोजून घरीच उपचार दिले, त्यांच्या नोंदी वरचेवर पडताळून पाहिल्या गेल्या, आणि १९९९ मध्ये छापलेल्या निष्कर्षाप्रमाणे ३९ गावांत नवजात मृत्यूचं प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटलं. कमी शिकलेल्या बाईच्या हातातलं मोजमाप भरवशाचं नसतं, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा घोकून ठेवावा.

मोजणाऱ्याने मोजमापाशी प्रामाणिक राहायचं ठरवलं तर काय होतं, याचं एक उदाहरण आपल्या घरातलंच आहे. इरावती कर्वे १९२० च्या दशकात बर्लिनला ओयगेन फिशर या वंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली डॉक्टरेट करत होत्या. गोऱ्यांच्या कवट्या इतरांपेक्षा वेगळ्या, म्हणून त्यांची बुद्धी श्रेष्ठ, असं गुरूंचं गृहीतक. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा काही फरक दिसत नाही असं लिहून दिलं. परक्या देशात, एकट्या बाईने, गुरूच्या तोंडावर. हाच फिशर पुढे नाझींचा लाडका झाला.

आपल्या आदिवासी मुलींवरचं संशोधन कसं चालतं, याचा धडा २००९-१० मध्ये मिळालेला आहे. आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस टोचली गेली. खम्ममच्या वसतिगृहांतल्या मुलींसाठी पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या घेतल्याचं उघड झालं, आणि २०१३ मध्ये संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. तेव्हा वाद संमतीचा होता. तो हवाच. पण संमतीच्या कागदावर आणखी एक ओळ का नसावी? ‘ज्या यंत्राने तुम्हाला मोजणार आहोत, ते तुमच्यासारख्या कातडीवर, तुमच्याकडच्या हवेत, किती चुकतं.’ ते ठाऊक नसेल तर तसं लिहा आणि आधी तेवढंच शोधा. वेगळा निधी लागत नाही त्याला. त्याच बाईला दोन सेविकांनी, एकमेकींचा आकडा न बघता, सकाळी आणि संध्याकाळी मोजायचं. पन्नास-साठ बाया झाल्या तरी पुष्कळ कळतं.

गडचिरोलीत तर हे मागायला जागाही आहे. पेसा कायदा १९९६ पासून आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने बाहेरच्या माणसांबरोबर अभ्यासगट चालवून, सर्वसहमतीने निर्णय घेऊन दाखवलं आहे की ग्रामसभा जंगलाचाच नव्हे, ज्ञानाचाही हिशेब मागू शकते. उद्या कुठलीही संस्था, कंपनी किंवा महाविद्यालय कातडीवर टेकवायचं नवं यंत्र घेऊन गावात आलं, तर बायांनी ते सभेतच उघडायला लावावं. आधी आलेल्या साहेबांच्या बोटाला लावा, मग आमच्या आशाताईच्या, मग चुलीपुढून उठून आलेल्या आजीच्या. पुन्हा एकदा, दुसऱ्या माणसाच्या हाताने. सगळे आकडे शाळेच्या फळ्यावर लिहा, आणि आजीला विचारा, बाई, तुला धाप लागतेय का?